पावण्यांच्या बाटलीत हंड्यातलं पाणी

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते, नाहीतर दिवसभर काम सुचायचं नाही. जेवणाची सुट्टी अजून वीस मिनिटं आहे, कॉम्प्युटर मोकळा आहे, टायपिंगच्या चुका दिसल्या तर पुढं सरका.

मघाशी डबा खाताना ऑफिसातला एकजण म्हणाला, "सरकारी आकडे कोण खरे मानतंय? साहेब लोक पंख्याखाली बसून मनाला येईल ते लिहितात." सगळ्यांनी माना हलवल्या. मी भाकरीचा घास तोंडात घालून गप्प बसले. कारण मला एक सरकारी आकडा माहीत आहे. साहेबानं भर उन्हात येऊन, टेप सोडून, दोनदा बघून, अगदी खरा लिहून नेलता. खोटा आम्ही केलता. आम्ही म्हणजे आबा, आई आणि मी. त्यातल्या त्यात मी.

आमचं गाव कोल्हापूरच्या उत्तरेला, वारणेच्या खोऱ्यात. एसटीनं तासाभराचं अंतर. मी सातवीत होते तेव्हाची ही गोष्ट, नव्वदीतली. गावाच्या चारी बाजूला ऊस. नवीन माणूस बघून म्हणायचा, काय नशीबवान गाव, पाण्याला तोटा नाही. तोटा नव्हताच. नदीवरनं शेतीला पाइपलाइन आलती, तिचं पाणी पाटानं सोडून सोडून रान इतकं भिजलं की खालचं मीठ वर आलं. खालच्या अंगाच्या रानात सकाळी गेलं की जमिनीवर पांढरं फुटलेलं दिसायचं, रांगोळीचा डबा सांडल्यासारखं. जे रानात तेच विहिरीत. आमच्या विहिरीत पाणी भरपूर, पण तोंडात धरवत नव्हतं. उसाला नदीचं पाणी आणि माणसाला हे. त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली की चूल थकायची पण डाळ शिजायची नाही. साबण घासून घासून अर्धा व्हायचा, फेस म्हणून यायचा नाही. माझा शाळेचा पांढरा शर्ट वाळला की पुठ्ठ्यासारखा, एकटा उभा राहील असा.

म्हणून प्यायचं आणि शिजवायचं पाणी आई माळावरच्या आडातनं आणायची. टेकाच्या पलीकडं एक जुना आड होता, त्याला तेवढं गोडं पाणी. एका खेपेला अर्धा तास, सकाळच्या तीन खेपा. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. त्याच वर्षी आईचा उजवा गुडघा वाजायला लागला. खरोखर वाजायचा. चुलीपुढनं उठली की कर्र आवाज. आबा म्हणायचे, "बैलगाडी आली बघ."

आई म्हणायची, "आली की. वंगण घालणारं कोण हाय काय घरात?"

अशात गावात बातमी आली की खोऱ्यातल्या गावांना नळाची योजना येणार, नदीचं पाणी शुद्ध करून घराघरात. पण सगळ्यांना एकदम नाही, ज्यांचं पाणी वाईट त्या गावांना आधी. आई त्या दिवसापासनं गुडघ्याला तेल लावताना त्याच्याशी बोलायची, "वाईच दम धर बाबा, नळ येतोय." आमच्या घरात तेव्हा एकच शर्यत चाललेली, आईचा गुडघा आधी जातो का नळ आधी येतो.

आता विहिरीचं सांगते. आमची विहीर सरकारी होती. म्हणजे विहीर आमचीच, आजोबांनी पाडलेली, पण जमिनीतलं पाणी किती खाली-वर होतं ते मोजायला गावातनं तिची निवड झालती. कठड्यावर रंगानं नंबर घातलेला. वर्षातनं चार वेळा कोल्हापूरहून एक साहेब जुन्या स्कूटरवर यायचे. गावात त्यांचं नावच पडलेलं, टेपवालं पावणं. ते टेपच्या टोकाला खडू घासायचे, कठड्यावरनं टेप खाली सोडायचे, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचे आणि वहीत लिहायचे. झालं काम. खडू मी शाळेतनं आणून द्यायची, त्यामुळं मोजणीत माझाही वाटा आहे असं मी वर्गात सांगत फिरायची.

आबांना ह्या नंबराचा काय अभिमान. पाहुणेरावळे आले की आधी विहीर दाखवायचे, मग बसायला घोंगडं. नदीच्या पाण्याची पाळी लांबली की आबा विहिरीवरची मोटार लावून तेच खारं पाणी उसाला द्यायचे, पण साहेब यायची चाहूल लागली की ती बंद करायचे. चाहूल कशी लागायची, तर साहेब आदल्या दिवशी शेजारच्या गावची विहीर करायचे, आणि तिथली बातमी संध्याकाळपर्यंत दूध डेअरीत पोचायची. आबा दूध घालून आले की तडक मोटारीच्या पेटीकडं. रात्रभर उपसा थांबला की विहीर चांगली हातभर वर यायची.

आई म्हणायची, "ऊस सुकतोय आणि मोटार बंद का?"

"उद्या पावणं येणार. उतरलेली विहीर दावू व्हय त्यांला?"

"ते मोजायला येत्यात. सोयरीक करायला न्हाय."

"तुला बघायला आलो तवा तुझ्या बानं भिंती सारवल्या हुत्या की न्हाय? तसंच हाय हे."

"भिंती सारवल्या हुत्या. पण आतली पोरगी हाय तीच दावली हुती की."

आबा ह्यावर विडी शोधायला उठायचे.

तर त्या मे महिन्यात साहेब आले. टेप झाली, वही झाली. त्या वर्षापासनं मेमध्ये पाण्याचा नमुनाही न्यायचा हुकूम निघालता. साहेबांनी पिशवीतनं प्लॅस्टिकची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. "बाळ, तीनदा विसळ आणि गळ्यापर्यंत भर." आणि ते आबांच्या बरोबर आंब्याखाली बसले. आबा त्यांना विहिरीला किती झरे आहेत ते पाचव्यांदा सांगत होते.

विहिरीवर पोहरा होता. मी पोहऱ्याकडं निघालेच होते. तेवढ्यात आईनं दारातनं विचारलं, "कुणाची गं बाटली?"

"पावण्यांची. पाणी भरून मागितलंय."

"मग तिकडं कुठं निघालीस? हंड्यातलं भर. कोल्हापूरला न्हेणार, घरात कोणकोण पिणार. खारं पाणी देऊन आपली शोभा करतीस व्हय?"

आता तुम्ही म्हणाल, तुला कळत नव्हतं काय. खरं सांगते, त्या क्षणी नाही कळलं. आमच्या घरात पाहुण्याच्या भांड्यात विहिरीचं पाणी पडायचं नाही, हे मला चालायला लागल्यापासनं शिकवलेलं. आम्ही स्वतः उन्हाळ्यात कधी कधी खारं प्यायचो, पण पाहुण्याला आडाचंच. मी बाटली तीनदा विसळली, आडाच्या पाण्यानं. गळ्यापर्यंत भरली, आडाच्या पाण्यानं. साहेबांनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, विहिरीचा नंबर घातला आणि स्कूटरला किक मारली. आई दारात उभी, बोळवण चांगली झाल्याचं समाधान तोंडावर.

पावसाळा सरला आणि शाळेच्या व्हरांड्यात नळयोजनेची सभा भरली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी कागद काढला आणि एकेका गावाचं वाचायला सुरुवात केली. कुठलं पाणी अयोग्य, कुठलं अति अयोग्य. आमचं गाव आलं तसे सगळे सरसावून बसले.

"या गावात पाण्याची पातळी समाधानकारक. पाणी पिण्यास योग्य. गाव यादीच्या शेवटी."

मग मागनं आवाज आला, "साहेब, आमच्याच गावाचं वाचताय न्हवं? का पान उलटलं?"

साहेबांनी विहिरीचा नंबर वाचला. सगळी सभा वळून आबांच्याकडं बघायला लागली.

"व्हय वो, विहीर गोड झाली आणि आमास्नी कळवलं न्हाईसा."

"उद्या सकाळी हंडं घिऊन येतो आमी."

"पंचामृताचा झरा लागला आसंल."

आबांची मान लाल झाली. "कागूद चुकलाय. कारकुनानं दुसऱ्या गावचं हितं लिवलंय," असं ते म्हणत राहिले. मी बायकांच्या बाजूला आईला टेकून बसले होते. आईनं माझं मनगट धरलं. तिला माझ्या आधी आठवलं होतं. तिच्या पकडीवरनं मला आठवलं.

घरी आल्यावर आबा कारकुनाचा उद्धार करत येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, "आबा, कागद चुकला नाही. बाटली मी हंड्यातनं भरली."

आबा थांबले. मला वाटलं आता बसणार पाठीत. पण आई चुलीपुढनं म्हणाली, "पोरीकडं बघू नका. मी सांगितलं तिला."

"का पण?"

"पावण्याला खारं पाणी देतंय व्हय कोण?"

हा नियम आबांचाच. भिंतीकडं बघत ते म्हणाले, "आणि मोटार मी बंद ठिवायचो."

असं आमचं घर. तिघांनी मिळून सरकारला फसवलेलं, आणि तेही पाहुणचारापायी. कमाल म्हणजे बाटलीतलं पाणी आईच्या डोक्यावरनं आलेलं. तिनंच वाहून आणलेल्या पाण्यानं साक्ष दिली की हिला पाणी वाहायची गरज नाही.

गावानं काय आम्हाला सोडलं नाही. आडावर बायका आईला म्हणायच्या, "तू कशाला येतीस गं माळावर? तुझ्या परसात गंगा आलीया की." आई हसून न्यायची, पण तिसरी खेप करून आली की उंबऱ्यावर बसून राहायची, आणि गुडघा आता पायरी चढतानाही वाजायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी आईच्या आधी आबा उठले. सायकलच्या कॅरेजला दोन्ही बाजूनं तेलाचे रिकामे डबे बांधले आणि निघाले. आई विचारते, "कुठं?" तर म्हणे, "माळावर." आता आमच्याकडं गडी माणूस घरच्या पाण्याला जात नव्हता तेव्हा. लग्नकार्यात गाडीनं आणायचं ते वेगळं. आबा आडावर पोचले तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी म्हणाली, "आलं बघा सरकारी विहिरीचं मालक."

"व्हय, आलं," आबा म्हणाले. "सरा जरा. डबं मोठं हायती, येळ लागतोय."

त्या दिवसापासनं आईच्या दोन खेपा वाचल्या. एक ती करायचीच, म्हणायची डब्याच्या पाण्याला तेलाचा वास येतो. येत नव्हता. आबांना एकट्याला ऐकून घ्यायला लागू नये म्हणून जायची.

दिवाळीच्या आधी डेअरीत बातमी आली, टेपवालं शेजारच्या गावात आलंय. त्या रात्री आबांनी मोटार चालू ठेवली. सकाळी साहेबांनी टेप सोडली, वर ओढली, खडू बघितला, परत सोडली. "गेल्या वर्षी ह्याच दिवसांत पाणी बरंच वर होतं," असं स्वतःशीच बोलत वही चाळायला लागले. आबा आभाळात काहीतरी शोधत होते.

शेवटी आई ताटलीत गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, तांब्या वर धरला आणि पहिल्या घोटाला थांबले. तोंडातलं गिळावं का थुंकावं असा चेहरा. भला माणूस, गिळलं त्यांनी.

"वहिनी, हे कुठलं पाणी?"

"तुमच्याच विहिरीचं."

"मग मी इतकी वर्षं प्यालो ते?"

"ते माझ्या डोक्यावरनं आलेलं," आई म्हणाली. "आणि मेमधी बाटलीत भरून दिलं तेबी."

मग आबांनी मोटारीचं सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते वही मांडीवर ठेवून नुसते बसले. ही वही ते पावसात पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत, अशी जपायचे ते मी बघितलेलं. "मी तीन वर्षं हे आकडे वर पाठवतोय," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आकडा पण कुणाचा तरी असतो.

मग त्यांनीच विचारलं, "यादी पक्की झाली का?"

"अजून न्हाय. म्हैनाभर हाय."

"माझा नमुना पुढच्या मेमध्ये. तोवर उशीर होईल. तुम्ही अर्ज लिहा, पाणी भरा आणि उद्याच कोल्हापूरला तपासणीला नेऊन द्या." पिशवीतनं त्यांनी कोरी बाटली काढली. माझ्याकडं बघितलं. "कोण भरणार?"

"मी."

"कुठनं?"

आबा इतक्या दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई आणि मी निघालो. पिशवीत दोन बाटल्या. एक साहेबांची, चिठ्ठी लावलेली, विहिरीची. दुसरी आमची, वाटेत प्यायला, आडाची. गाडी अशी गच्च भरली की पिशवी माझ्या मांडीवर आणि पिशवीवर कुणाची तरी कोंबडी. शेजारी एक शाहूवाडीकडचे म्हातारे बसलेले, भाताची पोती उतरवून परत निघालेले. त्यांना ठसका लागला.

"पोरी, वाईच पाणी हाय काय?"

मी पिशवीत हात घातला आणि माझं धाबं दणाणलं. चिठ्ठी सुटून पिशवीच्या तळाला पडलेली. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हीतलं पाणी नितळ. खारं पाणी दिसायला कसं छान असतं हे तुम्हाला सांगायला नको. म्हातारे ठसकतायत. मी एक बाटली दिली. त्यांनी आपल्या पद्धतीनं तोंड न लावता वरनं धार धरली, आणि पुढच्याच क्षणाला खिडकीतनं बाहेर पिचकारी.

"आगं, कुठल्या समुद्रातनं आणलंईस हे?"

आई जी हसायला लागली. पदरात तोंड घालून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. म्हाताऱ्यांना कळेना ह्यात हसण्यासारखं काय. आईनं त्यांना दुसरी बाटली दिली, म्हणाली, "मामा, तुमचं लई उपकार झालं बघा. न्हाईतर परत गोडं पाणी गेलं आसतं." मग सगळी कथा सांगितली. अख्खी एसटी ऐकत होती. कंडक्टरनं चिठ्ठी चिकटवायला तिकिटाच्या पेटीतला डिंक दिला.

तपासणीच्या ठिकाणी खिडकीवरचा माणूस म्हणाला, ह्या विहिरीचा नमुना आधी चांगला आलाय, मग परत कशाला. मला वाटलं आई आता काहीतरी सावरून सांगेल. आईनं सरळ सांगितलं, "त्यो विहिरीचा नव्हता. आडाचा हुता. पोरीनं भरला, मी भरायला लावला. लिवा तसं." त्यानं एकदा आईकडं बघितलं आणि लिहिलं.

पंधरा दिवसांनी पोस्टानं कागद आला. पिण्यास अयोग्य. आबांनी अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचला, परत वाचला, मग चावडीवर नेऊन वाचला. आईनं शिरा केला. नापास झाल्याबद्दल शिरा खाल्लेलं आमचंच घर असणार. गावाचं नाव यादीत वर सरकलं. पहिलं नाही, मधलं, पण शेवटचं नाही.

मध्ये चार वर्षं गेली. चर खणले, बुजले, परत खणले. आबांच्या सायकलचे डबे दोनदा बदलले, आणि त्यांच्या मागनं आडावर आणखी पाच-सहा सायकली जायला लागल्या. मी अकरावीत असताना आमच्या दारात नळ आला. आईचा गुडघा तोवर टिकला. ताठ झालता, थोडा वाकडाही, पण टिकला. शर्यत तिनं थोडक्यात जिंकली असं मी म्हणते. ती म्हणते जिंकले कुठं, सायकल आडवी आली.

नळाच्या पहिल्या सकाळी आईनं हंडा भरला, कळशी भरली, घागर, बादल्या, तपेली, माझा डबासुद्धा भरला. तरी घड्याळात सातच वाजलेले. ती स्वयंपाकघरात उभी राहिली, हात मोकळे, काय करावं कळेना. मग मला म्हणाली, "हिकडं बस, येणी घालतो." शाळेत असताना माझी वेणी कायम शेजारची ताई घालायची, कारण त्या वेळेला आई माळावर. अकरावीत माझे केस खांद्यापर्यंत कापलेले, वेणी घालायला काही नव्हतंच. तरी मी बसले. तिनं तेल लावलं, सावकाश, दोन्ही कानांच्या मागनं, कुठं जायचं नसल्यासारखं. माझं कॉलेज चुकलं त्या दिवशी.

चला, सुट्टी संपली, कॉम्प्युटरमागं दोघंजण येऊन उभे राहिलेत. पण मला खरंच जाणून घ्यायचंय, म्हणून विचारते. पाहुण्यांपुढं चांगलं दिसावं म्हणून तुमच्या घरानं कधी स्वतःचंच असं नुकसान करून घेतलंय का? आणि तुमच्यात बाटली कुणी भरलती?